वीस कोरूंची भिंत

रंगाचा अर्धा वापरलेला डबा फळीवर ठेवून दिला, की महिन्याभरात त्यावर साय धरते. कुणाला काही करावं लागत नाही. झाकण उघडलं की आधी ती साय काडीनं उचलून बाजूला टाकायची, मग खाली रंग सापडतो. किस्स्यांचं तसंच. आपण आपल्या कामात असतो आणि ते वरच्या वर धरत जातात. चिखलीच्या बाजारात माझं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. सकाळच्या चहाला तिथं चार डोकी जमतात आणि रोज कुणीतरी म्हणतंच, "शेठ, ते भितीवालं सांगा ना!"

सांगतो. पण आधी साय काढू द्या.

माझं शिक्षण सातवी. पुढचं सगळं रद्दीत शिकलो. खिळे बांधायला जुने पेपर यायचे, ते मी आधी वाचायचो आणि मग फाडायचो. गिऱ्हाईक घाईचं असलं की अर्धी बातमी त्याच्यासोबत जायची. त्यामुळे मला जगातल्या पुष्कळ गोष्टींची सुरुवात माहीत आहे, शेवट माहीत नाही!

राहायला मी गावात, चिखलीपासून आठ किलोमीटरवर. गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा. शाळेच्या समितीत एक जागा 'शिक्षणप्रेमी सदस्य' अशी असते, ती माझ्याकडे. एकमतानं. शिक्षणप्रेमी नेमकं कुणाला म्हणायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी एकदा शाळेचे बाक दुरुस्त करून दिले होते, तेवढ्यावर भागलं. माझी स्वतःची नात आरोही पहिलीत होती आणि रोज सकाळी पिवळ्या व्हॅननं चिखलीच्या इंग्लिश शाळेत जायची. प्रेम काय, लांबूनही करता येतं!

*

शाळेचा पट होता अठरा.

मुख्याध्यापक इंगळे सर. मवाळ माणूस, आवाज चढवायचा तर आधी घसा खाकरून परवानगी मागतील असे. डिसेंबरात ते दुकानात आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "शेठ, संक्रांतीनंतर पुन्हा पट मोजायला येणार आहेत. वीस नसले तर शाळा शेजारच्या गावच्या शाळेला जोडायचा प्रस्ताव वर जाईल. आमची पोरं हायवे ओलांडून जातील कशी?"

गावात पोरं नव्हती असं नाही. पोरं भरपूर. पण सगळी पिवळ्या व्हॅनमध्ये.

हे सांगताना सरांनी माझ्या नातीचं नाव काढलं नाही. नुसते रंगांचं शेडकार्ड चाळत राहिले. सभ्य माणसाचा हाच त्रास असतो, तो टोमणाही मारत नाही. मारला असता तर आपण रागावून मोकळे झालो असतो!

*

त्याच महिन्यात माझी भाची स्वाती सुट्टीवर आली. ती न्यूझीलंडला ऑकलंडमध्ये बालवाडीची शिक्षिका आहे. तिकडं डिसेंबरात उन्हाळा असतो म्हणे आणि शाळांना सुट्टी. शाळेची रस्त्याकडची लांबलचक भिंत तिनं पाहिली. भिंतीचा खालचा भाग खर्रा खाऊन थुंकणाऱ्यांनी आधीच रंगवलेला होता.

"मामा, इथं मुलांकडून म्युरल करून घेऊ. तिकडच्या मूळच्या माओरी लोकांची नक्षी, शेजारच्या बेटांवरची नक्षी. मी तिकडच्या मुलांसोबत करते तसंच."

मी म्हटलं, "किती लिटर लागेल ते सांग. बाकी आपल्याला काही कळत नाही."

समितीची मीटिंग झाली. स्वातीनं कागदावर एक आकार काढून दाखवला. देठ वर जातो आणि टोकाशी गोल गोल आत वळतो. "याला कोरू म्हणतात. नेच्याचं नवं पान उघडण्याआधी असं गुंडाळलेलं असतं. नवी सुरुवात, वाढ, असा त्याचा अर्थ."

समितीचे अध्यक्ष दिनकरभाऊ. दोन पोरं शाळेत आणि बारा एकर हरभरा. त्यांनी कागद उभा धरला, आडवा धरला.

"पोरी, हे पान नोहे. हे घाटेअळी हाय."

"नाही हो काका, नेचा..."

"तीस वर्सं झाली मी इच्यासंगं राहून राह्यलो, मले नको सांगू! अशीच गुंडाळते. शाळेच्या भितीवर अळी काढता काय बे? शेतात कमी हाय का?"

मग ठराव मंजूर झाला. दिनकरभाऊंनी सही केली आणि सहीच्या वर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'अळी नसल्याची खात्री करून.'

*

पुढचा प्रश्न रंगांचा.

स्वाती म्हणाली, माओरी लोकांच्या सभाघराच्या वाशांवर नक्षी असते, ती लाल, काळ्या, पांढऱ्या रंगात. मी मान हलवली. बाई गं, तुझं ऑकलंड वेगळं. आमच्या तालुक्यात बेवारस रंग एकही नाही! प्रत्येकाचा मालक ठरलेला. निवडणुकीच्या दिवसांत माझ्या दुकानातून कुठला डबा जास्त जातो हे पाहून मी निकाल सांगतो, आणि आजपर्यंत दोनदाच चुकलो.

मीटिंगमध्ये तेच झालं. लाल म्हटलं की एक खुर्ची मागं सरकली. निळा म्हटलं की दुसरी पुढं आली. हिरवा म्हटलं की सगळ्यांनी छताकडं पाहिलं. भगवा म्हटल्यावर तर दोघांनी एकमेकांनाच विचारलं, "तुह्यावाला का माह्यावाला?"

शेवटी स्वातीनं मोबाईलवर बेटांवरचं एक कापड दाखवलं. झाडाची साल कुटून कुटून करतात, तिकडं त्याला टापा म्हणतात. त्यावर तपकिरी आणि काळ्या रंगात चौकटी, पानं, मासे.

दिनकरभाऊ एकदम खुलले. "हा तं गेरू हाय! आपल्या घराच्या पट्ट्याचा. हा चालते!"

"याच्यावर कुणाचा हक्क नाही ना काका?"

"मातीचा रंग हाय पोरी. मातीचा पक्ष अजून कोनी नाही काढला!"

गेरू, काळा आणि पांढरा. तिन्ही रंग माझ्याच दुकानातले. मी मनातल्या मनात त्या सालीच्या कापडाला नमस्कार केला.

*

काम सुरू झालं. अठरा पोरं, अठरा ब्रश. स्वातीनं भिंतभर एक लांब वेल काढला आणि त्याला कोरू लावले. प्रत्येक पोराचा एक. आपला कोरू आपण रंगवायचा, दुसऱ्याच्या कोरूत ब्रश घालायचा नाही. हा नियम पाळायला आमच्या पोरांना दोन दिवस लागले. आमच्या ग्रामपंचायतीला अजून जमलेला नाही.

खालच्या बाजूला त्रिकोणांची रांग. तिकडं पाण्यात तानिव्हा नावाचा एक अजस्र प्राणी असतो म्हणे, पाण्याची राखण करतो. हे त्याचे दात.

"बाई, तो आपल्या हिरीत हाय का?" एका पोरानं विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"हाय. म्हनून तं आई जाऊ देत नाही."

आता बाबू पेंटरचं ऐका. बाबू म्हणजे आमच्याकडचा नामांकित. तालुक्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. त्याला ते दात बघवेनात. एक उंच, एक ठेंगणा, एक शेजाऱ्याच्या अंगावर पडलेला. दुपारी पोरं खिचडी खायला बसली तेवढ्यात तो दोरी आणि खडू घेऊन आला आणि दात सरळ करायला लागला. चार झाले असतील.

मागून दुसरीतली समीक्षा खिचडीची ताटली घेऊन आली.

"काका, काय करून राह्यले?"

"बेटा, वाकडे झाले ना, सरळ करतो."

समीक्षानं ताटली खाली ठेवली आणि आ वासला. समोरचे दोन दात पडलेले, एक नवा आलेला, तोही तिरपा.

"हेबी करून द्या मंग!"

बाबूनं दोरी गुंडाळली. ते चार सरळ दात अजून भिंतीवर आहेत. पोरं त्यांना कवळी म्हणतात.

*

केंद्रप्रमुख साहेब एक दिवस अचानक आले. गाडीतून उतरले ते थेट भिंतीसमोर.

"हे कोणत्या योजनेत बसतं?"

इंगळे सरांनी घसा खाकरला. "साहेब, भूमिती. त्रिकोण, वर्तुळ, सममिती."

"मग भूमिती म्हणून नोंद करा. एकूण त्रिकोण किती?"

सरांनी पोरांकडं पाहिलं. पोरं मोजायला लागली. एकाचे निघाले एकसष्ट, एकाचे चौपन्न. समीक्षाचे निघाले सत्तावन्न आणि "चार कवळीचे येगळे!"

साहेब हसले नाहीत. त्यांनी स्वतः मोजायला घेतलं. अर्ध्यात एकाचा फोन आला, बोलून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून. मग पुन्हा फोन. तिसऱ्यांदा त्यांनी वहीत लिहिलं, 'त्रिकोण पुरेसे आहेत.'

जाताना मात्र सरांना बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, भिंत चांगली झाली. पट किती?"

"अठरा."

"भिंतीनं पट वाढत नाही. सोळा तारखेला मोजायला येतो."

सर मान हलवत राहिले. साहेबांची गाडी दिसेनाशी झाली तरी मान हलतच होती.

*

आता मधली एक गोष्ट सांगतो, ती हसायची नाही. म्हणजे हसलात तरी चालेल.

स्वातीच्या ऑकलंडच्या शाळेत एक वयस्कर माओरी बाई आहे. ही नक्षी इकडं आणण्याआधी स्वातीनं तिला विचारलं होतं. तिनं व्हिडिओ पाठवला. स्वातीनं तो पोरांना दाखवून मराठीत सांगितला. बाईचं म्हणणं एवढंच : घेऊन जा. पण ही कुणाची हे पोरांना सांग. आणि शेजारी तुमचंही काहीतरी काढा. ते काढताना तुमच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

दिनकरभाऊ म्हणाले, "नक्षीले काय इचारा लागते? दारातली रांगोळी आपुन कोनाले इचारून काढतो?"

पण पोरांना ते पटलं. आपलं काय, आपलं काय, असं करता करता एकजण ओरडला, "गया आजीचा हात!"

गया आजी ऐंशीच्या घरातली. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण. विंचू, तुळस, चार ठिपक्यांची फुली. हनुवटीवर एक ठिपका. अठरा पोरं ओळीनं तिच्या अंगणात जाऊन उभी राहिली आणि इंगळे सरांनी शिकवल्याप्रमाणे एका सुरात म्हणाली, "आजी, तुमच्या हातावरची नक्षी आम्ही भिंतीवर काढू का?"

आजी शेंगा फोडत होती. तिचा हात थांबला.

"काय इचारलं?"

पोरांनी पुन्हा म्हटलं.

आजीनं हातातली शेंग टाकली, हात पुढं धरून उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "सात वर्साची होतो मी. दोघीनं धरलं, तिसरीनं सुया टोचल्या. माह्या अंगावर काढताना मले कोनी इचारलं नाही. आन् तुम्ही भितीवर काढाले इचारून राह्यले!"

स्वातीनं तिला व्हिडिओ दाखवला. त्या माओरी बाईच्या हनुवटीवर गोंदलेलं होतं. आजीनं मोबाईल नाकाशी धरला आणि आपल्या हनुवटीवरून बोट फिरवलं.

"हिले दुखलं होतं का, इचार तं."

स्वातीनं मेसेज पाठवला. तिकडं रात्र होती, उत्तर सकाळी आलं. 'हो. खूप. पण मी स्वतः करून घेतलं.'

आजी म्हणाली, "नशीबवान हाय."

परवानगी मिळाली. अट एकच. "फुलीले चार ठिपके हायेत. तीन काढले तं मी येऊन पुसून टाकीन." आणि त्या दिवसापासून ती रोज सकाळी काठी टेकत भिंतीशी यायची आणि ठिपके मोजून जायची.

*

आता धंद्यातली एक गोष्ट.

स्वातीनं भिंत मोजून वेलाला कोरू काढले होते वीस. पोरं अठरा. दोन कोरे राहिले. इंगळे सर म्हणाले, "एक तुम्ही रंगवा शेठ, एक मी रंगवतो. मोकळं बरं दिसत नाही."

मी म्हटलं, "सर, चाळीस वर्षं दुकान चालवलं, त्यातलं एक फुकट सांगतो. भरलेल्या फळीकडं गिऱ्हाईक बघत नाही. मधली एक जागा मोकळी ठेवा. येणारा प्रत्येकजण विचारतो, इथं काय होतं? आणि त्याला तेच हवं असतं!"

दोन्ही कोरे ठेवले. पोरांना एवढंच शिकवलं, की कुणी विचारलं तर सांगायचं, "हे शाळेत येणाऱ्याचं हाय."

संध्याकाळी व्हॅन भिंतीजवळ थांबायची. टाय लावलेली पोरं उतरायची आणि आमची पोरं गेरूनं माखलेल्या हातांनी ओरडायची, "दोन राह्यले! दोन राह्यले!"

चौथ्या दिवशी वेल्डिंगवाल्या राजूची बायको पोराला बखोटीला धरून सरांकडं आली. "घ्या याले! तीन दिवस झाले जेवून नाही राह्यला. म्हनते, माह्यावाला दुसरा कोनी रंगवीन!"

पट एकोणीस.

मी दुकानात सगळ्यांना पेढे वाटले. माझी युक्ती! भिंतीसमोर खुर्ची टाकून बसलो की येणारा-जाणारा म्हणायचा, "शेठ, डोकं लावलं बरं!" मी मान हलवायचो. पोरं आता "एक राह्यला! एक राह्यला!" ओरडायची. व्हॅनमधून उतरलेली आमची आरोही माझं बोट धरून घरी जायची आणि मान वळवून वळवून मागं बघायची. मला वाटायचं, नातीला चित्रकलेची आवड दिसते.

पंधरा तारीख आली. एक कोरू कोराच. गया आजी ठिपके मोजून झाल्यावर माझ्या खुर्चीशी थांबली.

"वसंता, हे कोनाचं?"

"ज्याचं नशीब त्याचं, आजी."

"येईन का कोनी?"

"येईल की. युक्ती कोणाची आहे!"

आजीनं माझ्याकडं बघितलं, त्या कोऱ्या कोरूकडं बघितलं आणि काठी टेकत निघून गेली.

*

सोळा तारखेची सकाळ. मी देवपूजेला बसलो होतो. बाहेर व्हॅनचा हॉर्न. एकदा, दोनदा, पाचदा. आरोही नाही. सूनबाई नाही. दप्तर खुंटीला.

व्हॅनवाला म्हणाला, "शेठ, पोरगी शाळेच्या भितीजवळ दिसली मले." मी तसाच सोवळ्यात निघालो. व्हॅन माझ्या मागं मागं.

भिंतीशी सगळा गाव. साहेबांची गाडी येऊन उभी. साहेब बोट पुढं करून त्रिकोण मोजत होते. आणि विसाव्या कोरूसमोर स्टुलावर आमची आरोही. इंग्लिश शाळेचा युनिफॉर्म, टाय पाठीवर टाकलेला, कोपरापर्यंत गेरू. जीभ बाहेर काढून वळणावर वळण भरत होती. खाली सूनबाई स्टूल धरून उभी. तिच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स. शेजारी इंगळे सर, हजेरीचं रजिस्टर उघडं, पेनाचं टोपण काढलेलं. माझ्याकडं बघत नव्हते. सभ्य माणूस!

"आरोही! व्हॅन आली ना!"

तिनं वळूनही पाहिलं नाही. "थांबा ना आबा, हललं की वाकडं होते."

"अगं पण न विचारता..."

"इचारलं! म्हाताऱ्या मान्साले इचारूनच काढा लागते. मी काल गया आजीले इचारलं. आईबी होती संगं."

मागं व्हॅनवाल्यानं हॉर्न दिला. गया आजी भिंतीशी पायरीवर बसली होती. मी तिच्याकडं वळलो.

"आजी, घरात मी होतो ना! मला कुणी विचारायचं नाही?"

आजीनं काठी उचलून फुलीवरचे चारही ठिपके एकेक करून मोजले. चार भरले. मग म्हणाली, "तुले काय इचाराचं, बाप्पा? तू तं शिक्षणप्रेमी. नाही थोडीच म्हनशीन!"